प्राचार्य सर, आमचा मानवी हक्कांचा पेपर बंद करू नका

प्रति,
मा. प्राचार्य सर, संस्थेचे सर्व पदाधिकारी, आणि कुठला ऑप्शनल ठेवायचा नि कुठला काढायचा हे ठरवणाऱ्या कमिटीतले सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव मी इथं मुद्दाम घालत नाही. कोल्हापुरात लॉ शिकणाऱ्यांना कळायचं ते कळेलच, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, एक निर्णय बदलून घ्यायचाय. मी तुमचीच विद्यार्थिनी, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिरोळ तालुक्यातनं रोज एसटीनं येते. ज्या पेपरबद्दल लिहितेय तो माझा गेल्या वर्षीच झालाय, मार्कही मिळालेत, त्यामुळं माझं स्वतःचं आता काही अडलेलं नाही. पण मागच्या वर्गातल्या 14 जणांनी ऑप्शनल म्हणून 'आंतरराष्ट्रीय व प्रादेशिक मानवी हक्क संरक्षण' निवडला, फॉर्म भरून ऑफिसात दिले, आणि गेल्या सोमवारी व्हॉट्सअप ग्रुपवर नोटिशीचा फोटो आला की विद्यार्थीसंख्या अपुरी आहे आणि विषयाची स्थानिक उपयुक्तता मर्यादित आहे म्हणून हा विषय यावर्षीपासून बंद, सगळ्यांनी दुसरा विषय निवडावा. चार ओळींची नोटीस. कुणाला बोलावलं नाही, कुणाला विचारलं नाही.

संख्येचं मी पुढं बोलते. आधी त्या 'स्थानिक उपयुक्तता मर्यादित' बद्दल बोलायचंय, कारण रात्री झोप लागेना ती त्या तीन शब्दांमुळं.

सर, तुमच्या केबिनच्या बाहेर डाव्या हाताला अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड लावलाय, मेंबरांची नावं आणि फोन नंबर असलेला. तो बोर्ड तिथं कसा आला? 1993 साली भारतानं सीडॉ करार, म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. तेव्हा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाबद्दल आपल्याकडं वेगळा कायदाच नव्हता. 1997 साली विशाखा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच कराराचा आधार घेऊन गाईडलाईन्स घालून दिल्या, आणि त्यातनं 2013 चा कायदा आला. जिनिव्हा-न्यूयॉर्ककडनं निघालेली गोष्ट तुमच्या दारापर्यंत आलीय, आणि फर्स्ट इयरची एखादी मुलगी घाबरत घाबरत तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून घेते. यापेक्षा स्थानिक उपयोग आणखी काय असतो?

दुसरं उदाहरण सीपीसीचं, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं. कलम 51 आपण सगळेच पाठ करतो, कर्ज फेडलं नाही तर दिवाणी कैदेत टाकता येतं वगैरे. पण 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 11 आणि आपल्या राज्यघटनेचं कलम 21 शेजारी शेजारी ठेवून सांगितलं की निव्वळ गरिबीमुळं फेडता येत नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही, त्याची नियत खोटी आहे हे दिसायला पाहिजे. हे मला सीपीसीच्या तासाला कुणी सांगितलं नाही, या ऑप्शनलच्या तासाला कळलं. माझ्या चुलत्यांवर सोसायटीचं आणि बाहेरचं मिळून कर्ज होतं, 2019 च्या महापुरात ऊस कुजला त्यानंतरचं. दारात माणसं यायची, "आत घालतो" म्हणायची. तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं की असं सरसकट आत घालता येत नाही, आणि मी तेव्हा लॉला नव्हते.

आता नदीचं. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला आहे, खाली नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते त्याच्या अलीकडं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की काळं पडतं, फेस येतो, जलपर्णी दाटते, आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला की मग दोन दिवस पेपरला फोटो येतात. वरच्या अंगाच्या शहरांचं सांडपाणी आहे, कारखान्यांचं पाणी आहे, सगळ्यांना माहिती आहे. लहानपणापासून बघत आलेय म्हणून मला ते कधी कायद्याचं प्रकरण वाटलंच नव्हतं, आमचं नशीब वाटायचं. मग गेल्या वर्षी सरांनी आम्हाला लोपेझ ओस्त्रा केस वाचायला दिली. स्पेनमधलं लोर्का नावाचं गाव, तिथं चामडं कमावायचे कारखाने, त्यांच्या घाण पाण्यावर प्रक्रिया करणारा प्लांट 1988 साली या बाईंच्या घरापासून 12 मीटरवर उभा राहिला, तोही लायसन्स न घेता, सरकारी अनुदान घेऊन. वास, धूर, मुलगी आजारी, शेवटी घर सोडायची वेळ आली. देशातल्या कोर्टांनी दाद दिली नाही म्हणून बाई स्ट्रासबर्गला युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 9 डिसेंबर 1994 ला जिंकल्या. कोर्टानं सांगितलं की घरात आणि कुटुंबात नीट जगता येणं हा युरोपियन मानवी हक्क कराराच्या कलम 8 खालचा हक्क आहे, प्रदूषणानं जिवाला गंभीर धोका झालाच पाहिजे अशी अट नाही, आणि गावाचा आर्थिक फायदा एका बाजूला नि तिचं घर दुसऱ्या बाजूला असं तोलताना सरकारनं तोल सांभाळला नाही. 40 लाख पेसेटा भरपाई.

मी ती केस एसटीत बसून मोबाईलवर वाचली आणि उतरून घरी गेल्यावर आजीला सांगितली. ती म्हणाली, "मंजी आपल्यावानीच की गं. मग आपुन कुटं जायाचं?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हा सगळा विषय आहे सर. युरोपात 46 देशांचं एक कोर्ट आहे. अमेरिका खंडांसाठी कोस्टारिकात सान होसेला कोर्ट आहे. आफ्रिकेत बांजुलला आयोग आणि अरुशाला कोर्ट. दक्षिण आशियात काय आहे? काहीच नाही. सार्क 1985 साली झालं पण त्याच्या सनदेतच लिहिलंय की निर्णय एकमतानं होतील आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. आग्नेय आशियानं 2009 ला निदान एक आयोग तरी केला, माणसाची तक्रार ऐकून निकाल द्यायची ताकद त्याला नाही ही गोष्ट वेगळी. आपल्याकडं तेवढंही नाही. बरं मग थेट युनोकडं जाऊ म्हटलं तर भारतानं 1979 साली नागरी-राजकीय हक्कांचा आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचा असे दोन्ही करार मान्य केले पण पहिल्या कराराला एकट्या माणसाला तक्रार करू देणारा जो जोडकरार आहे तो घेतला नाही, त्यामुळं माझ्या आजीची तक्रार तिथली मानवी हक्क समिती घेऊ शकत नाही. छळाविरुद्धच्या करारावर 1997 ला सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही.

कुणी म्हणेल मग शिकून करायचं काय, दारं तर बंदच आहेत. मला नेमकं उलटं वाटतं. ज्यांच्या डोक्यावर प्रादेशिक कोर्टाचं छत आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्या डोक्यावर नाही त्यांच्या वकिलांना हे जास्त यायला पाहिजे. कारण आमच्याकडं जे काही होणार ते इथल्याच कोर्टात होणार, आणि इथल्या कोर्टाला बाहेरचं दाखवून पटवायचं काम वकिलाचं. शिवाय ज्या दोन-तीन फटी उघड्या आहेत त्या कुणीतरी दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. युनोच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर नेमलेल्या तज्ज्ञांना, कुणीही लिहू शकतं, त्याला तो जोडकरार लागत नाही. दर काही वर्षांनी युनोत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांची सार्वत्रिक आढावा प्रक्रिया होते, भारताची 2008, 2012, 2017 आणि 2022 ला झाली, त्यात संस्था-संघटना आपलं म्हणणं लेखी देऊ शकतात. आपल्या 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात 'मानवी हक्क' या शब्दाच्या व्याख्येतच आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे घटना घडून एक वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोग चौकशी करू शकत नाही. आमच्या गावात हे एक वर्षाचं कुणाला माहिती आहे विचारा. कुणालाच नाही.

अजून एक गोष्ट मला या पेपरनं शिकवली. बाहेरच्या मानवी हक्क कोर्टात जायचं तर बहुतेक ठिकाणी आधी देशातले उपाय संपवावे लागतात, किंवा ते उपाय नावापुरतेच आहेत हे दाखवावं लागतं. होंडुरासच्या वेलास्केझ रॉड्रिग्ज केसमध्ये मानफ्रेदो वेलास्केझ हा युनिव्हर्सिटीत शिकणारा माणूस 1981 साली दिवसाढवळ्या उचलून नेला गेला आणि परत कधी दिसला नाही. त्याच्यासाठी तिथल्या कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा असे अर्ज, दाखल झाले, काही उपयोग झाला नाही, पण ते दाखल झाले होते म्हणून, त्याची नोंद होती म्हणून, 1988 साली सान होसेच्या कोर्टानं सांगितलं की पळवणारा नेमका कोण हे कळलं नाही तरी शोध घेतला नाही, रोखलं नाही, शिक्षा केली नाही याची जबाबदारी सरकारचीच. म्हणजे सुरुवात कुठं झाली, तर आपल्याच देशातल्या कोर्टात दिलेल्या अर्जातनं. तो अर्ज नीट लिहिणारा वकील तयार करणं हे आपल्या कॉलेजचं काम नाही का?

आणि हे सगळं आत्ताच का बंद करताय हे मला खरंच कळत नाहीये. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सुरू झालंय. चाळीस वर्षांहून जास्त काळ वकिलांनी त्याच्यासाठी आंदोलनं केली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या रिट आता सीपीआर हॉस्पिटलसमोर चालतात, आमच्या कॉलेजपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आधी म्हणता आलं असतं की हायकोर्ट मुंबईला आहे, आपल्या पोरांना तालुक्यालाच प्रॅक्टिस करायचीय, हे करार-बिरार कशाला. आता ते कारण राहिलं नाही. रिटमध्ये कलम 21 वर बोलताना आंतरराष्ट्रीय करार काय म्हणतो, दुसरीकडच्या कोर्टांनी काय म्हटलंय हे रोज लागणार, आणि नेमक्या याच वर्षी आपण तो विषय काढून टाकतोय.

हेरवाडचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. हेरवाड आमच्याच तालुक्यात. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. पुढं राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. माझी आत्या 34 व्या वर्षी विधवा झाली तेव्हा मी सहावीत होते, तिच्या हातातल्या बांगड्या दगडानं फोडताना मी बघितलंय, तो आवाज अजून कानात आहे. आता सीडॉचं कलम 5 बघा, स्त्रियांना कमी लेखणाऱ्या रूढी-परंपरा बदलायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. पण भारतानं करार मान्य करताना एक घोषणा जोडली की कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबतीत त्या समाजाचा स्वतःचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय आम्ही हस्तक्षेप करणार नाही. वर्गात सरांनी ही घोषणा वाचून दाखवली आणि एवढंच विचारलं, समाजाचा पुढाकार म्हणजे प्रत्यक्षात काय असतो, उदाहरण द्या. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, हेरवाड. त्या दिवशीचा तास घंटा झाल्यावरही 40 मिनिटं चालला सर. कुणी उठलं नाही. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याची ताकद किती, उद्या एखाद्या घरानं तो मोडला तर बाईनं कुठं जायचं, समाजानं पुढाकार घेतल्यावर सरकारची जबाबदारी वाढते की नाही, मारामारी व्हायची बाकी होती. तीन वर्षांत असा तास मी दुसरा बघितला नाही. घरी जाऊन आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माज्या टायमाला ह्ये कुनी का न्हाई सांगितलं?"

आता बाकीच्या तक्रारी भराभर सांगते.

संख्या 14 होती, तुम्हाला किमान 20 पाहिजे. ठीक आहे, पण हा 20 चा आकडा फॉर्म भरताना कुणी सांगितला नव्हता. सांगितला असता तर आम्ही सीनियरांनी वर्गावर्गात जाऊन विषय समजावून सांगितला असता. तो समजावून सांगायला कॉलेजकडून कधी कुणी आलंही नाही, मुलं गाईड कुठल्या विषयाचं बारीक आहे ते बघून ऑप्शनल निवडतात, त्यात त्यांची तरी काय चूक.

शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा. तरी शनिवारी जादा तास घ्यायचे, निकालांच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशानं काढून द्यायचे. त्यांना यावर्षी बोलावलंच नाही. विषय आधी बंद झाला की सर आधी बंद झाले, हे आम्हाला कळलेलं नाही आणि ते कळायचा आम्हाला हक्क आहे असं मला वाटतं.

लायब्ररीत या विषयाची मोजून पाच पुस्तकं आहेत. त्यातल्या दोन पुस्तकांत अजून युरोपियन मानवी हक्क आयोगाकडं तक्रार कशी करायची ते दिलंय. तो आयोग 1998 च्या सुधारणेनंतर उरलेलाच नाही, तक्रार थेट कोर्टात जाते. आफ्रिकन कोर्टाचा तर पत्ताच नाही त्यात. परीक्षेत तेच लिहिलं की मार्क मिळतात. आणि हे सगळे निकाल ऑनलाईन फुकट आहेत, एक रुपया लागत नाही, फक्त लायब्ररीतल्या चार कॉम्प्युटरपैकी दोन चालू पाहिजेत.

मराठीचं तर फारच वाईट. निम्मा वर्ग पेपर मराठीतनं लिहितो आणि मराठीत या विषयाचं धड काही नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद युनोच्या साईटवर आहे, तो सुद्धा आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला योगायोगानं सापडला. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता, तो बदलून 'सगळी माणसं' असं करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. आपल्या देशातल्या बाईनं अख्ख्या जगाच्या कागदातला शब्द बदलला आणि आपल्याच मुलींना ते माहिती नाही. 10 डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, आपण पोस्टर स्पर्धा घेतो, बक्षीस देतो, आणि 11 तारखेला ते पोस्टर खाली उतरतात.

शाहू महाराजांचं नाव मी शेवटी घेतेय कारण ते सहज घ्यायचं नाव नाही. 26 जुलै 1902 चा 50 टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणारा हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडला होते. जाहीरनाम्याच्या 46 वर्षं आधी. 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. 1920 ला माणगावची परिषद. बाहेरचं बघणं आणि आपल्या माणसासाठी इथं काहीतरी करणं या दोन गोष्टी या गावानं कधी वेगळ्या मानल्या नाहीत. त्याच गावातलं आपलं कॉलेज आज म्हणतंय की बाहेरचं शिकून इथं उपयोग नाही, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत, एवढ्याच आहेत:

विषय बंद केल्याची नोटीस मागं घ्या आणि ज्या 14 जणांनी फॉर्म भरलेत त्यांना याच वर्षी हा पेपर शिकू द्या. संख्येची अट ठेवायचीच असेल तर 10 करा आणि ती प्रवेशाच्या वेळीच लेखी जाहीर करा.

शिकवणाऱ्या सरांना परत बोलवा, किंवा दुसरं कुणी पात्र असेल तर त्यांना घ्या, पण मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. ही मागणी सरांनी आम्हाला करायला सांगितलेली नाही, त्यांना हे पत्र माहितीसुद्धा नाही.

लायब्ररीतली जुनी झालेली पुस्तकं बाजूला काढा, नवीन घ्या, कॉम्प्युटर दुरुस्त करा. मराठीत निवडक निकालांचे सारांश आम्ही विद्यार्थी करायला तयार आहोत, फक्त एका मॅडमनी किंवा सरांनी ते तपासून द्यावेत.

लीगल एड क्लिनिक वर्षातनं एकदा शिबिराचा फोटो काढण्यापुरतं न ठेवता महिन्यातनं दोन शनिवार नदीकाठच्या गावात नेऊया. सुरुवात आमच्या गावापासून करा, ग्रामपंचायतीचा हॉल मी मिळवून देते, सरपंचांशी बोलणं झालंय.

आणि यापुढं कुठलाही विषय बंद करायच्या आधी त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना समोर बसवून एकदा ऐकून घ्या. म्हणणं ऐकून न घेता निर्णय द्यायचा नाही हे तुम्हीच आम्हाला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ मध्ये शिकवलंय.

आजपासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं ही विनंती. या पत्राची प्रत 43 विद्यार्थ्यांच्या सह्यांसह आज सकाळी 11 वाजता ऑफिसात दिलीय, इनवर्डचा शिक्का घेतलाय. येत्या गुरुवारी दुपारी तास संपल्यावर आम्ही सगळे पोर्चमध्ये थांबतोय, घोषणा नाहीत, बोर्ड नाहीत, फक्त तुम्ही बाहेर येऊन अर्धा तास बोलावं म्हणून. माझी शेवटची एसटी सव्वासातला आहे, तोपर्यंत मी आहे.

आपली विद्यार्थिनी,
एलएलबी तृतीय वर्ष, कोल्हापूर